बावडीची वरची पायरी

नारू म्हणजे काय, हे माझ्या नातवंडांना ठाऊक नाही. परवा सांगायला बसले तर धाकटी म्हणाली, "आजी, हे तू मनानं रचून सांगतेस." मला इतका आनंद झाला की तिला धपाटा घालायचा राहूनच गेला. माझ्या लहानपणी आमच्या गावात नारू न पाहिलेलं पोर दिवा घेऊन शोधलं असतं तरी सापडलं नसतं.

तेव्हा तिच्यासारख्यांसाठी आधी हे सांगून टाकते. नारू हा एक किडा. पांढरा, दोऱ्यासारखा बारीक, हातभर लांब. उन्हाळा तापला की माणसाच्या पायाला, बहुतेक घोट्याच्या आसपास, फोड यायचा. निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. फोड फुटला की त्यातून त्या दोऱ्याचं टोक बाहेर डोकवायचं. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली की दोरा तुटायचा, आणि तुटला की पाय असा सुजायचा की काही माणसं जन्मभर लंगडत राहिली. बरं, हा पाहुणा यायचा कधी, तर नेमका पेरणीच्या तोंडावर, घरातल्या प्रत्येक पायाची गरज असताना. कोणी म्हणायचं, पोटात गेलेला केस पायात उतरतो. कोणी म्हणायचं, अंगातली उष्णता आहे. बाकीचे म्हणायचे, देवाचं काही द्यायचं राहिलं असेल. खरं कारण कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं कबूल करायलाही कोणी तयार नव्हतं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. सकाळी निघून सेलूचा बाजार करून उजेडात परत येता येईल, एवढ्या अंतरावरचं. गावात पाण्याच्या दोन जागा. एक, गावाच्या मधोमध काळ्या दगडाची मोठी बावडी, वरून थेट पाण्यापर्यंत गेलेल्या रुंद पायऱ्यांची. ती मालगुजारांच्या पूर्वजांनी बांधलेली. मालगुजार म्हणजे आमच्याकडचे गावाचे मालक. त्यांची मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, पण लोकांच्या तोंडातलं 'मालक' कोण काढून घेणार? गावाला त्या बावडीचा फार अभिमान. पाहुणा आला की त्याला आधी बावडी दाखवायचे, मग चहा.

दुसरी जागा म्हणजे आमच्या मोहल्ल्याची विहीर, नाल्याच्या काठी. तिच्याबद्दल अभिमान बाळगावा असं काही नव्हतं. तोंड अरुंद, आत उतरायला पायऱ्या नाहीत, वर एक लाकूड आडवं टाकलेलं आणि दोर-बादलीनं ओढायचं. चैत संपता संपता ती तळाला जायची. मग बादलीत पाणी कमी आणि गाळ जास्त, म्हणून मोहल्ल्यात कुठलंही पाणी फडक्यातून गाळून घ्यायची सवयच पडलेली. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या बाया हंडे घेऊन बावडीजवळ जायच्या आणि वरच्या पायरीशी उभ्या राहायच्या. खाली उतरायचं नाही. खालून भरून आणणाऱ्या कोणाला दया आली तर ती आपल्या हंड्यातून आमच्या हंड्यात उंचावरून ओतायची. दया यायची, नाही असं नाही, पण फार सावकाश यायची. मी मायचा पदर धरून त्या उन्हात उभी राहिले आहे, आणि तो राग अजून माझ्या पोटात जसाच्या तसा आहे.

छप्पन साली आमच्या मोहल्ल्यानं दीक्षा घेतली. माझा बा कापसाच्या हंगामात सेलूच्या जिनिंगमध्ये जाई आणि एरवी मजुरी करी. त्याला अक्षर येत नव्हतं. पण नागपूरहून तो परतला तो वेगळाच माणूस होऊन. घरातले देव त्यानं टोपल्यात घातले आणि नाल्याला सोडून आला. बसण्याची पद्धत बदलली, बोलण्याचा आवाज बदलला. मी शाळेत जातच होते, पण आता शाळा सुटली की तो मला समोर बसवून मिळेल ते छापील वाचून घेऊ लागला. एखाद्या शब्दाशी मी अडखळले की म्हणायचा, "थांब. घाई नाई. समजून वाच." आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर माफी मागायची रीत त्याच वर्षी सुरू झाली.

मग सत्तावन सालच्या बुद्धजयंतीला मोहल्ल्यानं ठरवलं, बावडीत उतरायचं. कायदा आपल्या बाजूनं आहे, मग वर उभं का राहायचं? तहसीलीतून शिपाई येऊन बसले होते, म्हणून लाठी चालली नाही. पांढऱ्या धोतरातला बा सगळ्यांत पुढे होता. एकेक पायरी उतरत तो पाण्यापर्यंत गेला आणि थांबला नाही. गुडघाभर पाण्यात शिरला, ओंजळ भरली आणि प्याला. त्याच्यामागून सगळा मोहल्ला तसाच पाण्यात शिरला. हक्क बजावायचा म्हणजे असाच, पाण्यात पाय रोवून, ओंजळीनं. हंडा भरून आणला असता तरी कायद्यानं चाललं असतं, पण मनाला चाललं नसतं. माय रडत होती. मी वरून पाहत होते आणि मला वाटत होतं, माझ्या बाएवढा उंच माणूस जिल्ह्यात नसेल.

त्यानंतर बानं नेमच धरला. सकाळी उठायचं, बावडीवर जायचं, पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभं राहून एक ओंजळ प्यायची आणि मग कामाला जायचं. घरी हंडा भरलेला असो नसो. पावसाळ्यात आमच्या विहिरीला भरपूर पाणी आलं तरी नेम सुटला नाही. गावातले लोक तोंड वाकडं करायचे, काही जण तो येऊन गेल्यावर पाणी हातानं ढवळून मग भरायचे. बाला त्याचं काही नव्हतं. उलट कोणी नाक मुरडलं की त्या दिवशी तो दोन ओंजळी प्यायचा.

आता गुरुजींबद्दल सांगते. आमचे गुरुजी वर्ध्याकडून शिकून आलेले, तरुण आणि बारीक अंगाचे. मुलांना वर्गाबाहेर काढण्याची त्यांना भारी हौस. थंडी सरत असताना एक दिवस त्यांनी बावडीचं पाणी काचेच्या ग्लासात आणलं आणि उन्हात धरलं. "बघा," म्हणाले. आम्ही पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. "नीट बघा." मग दिसले. पांढरे, कणाएवढे, टुणटुण उड्या मारणारे. त्यांच्याजवळ भिंग होतं. त्यातून पाहिल्यावर त्या कणांना शेपूट होतं, आणि एक मुलगा "अव माय!" म्हणून मागे सरकला तो माझ्या पायावरच.

गुरुजींनी सांगितलं ते असं. ज्याच्या पायाला नारू निघालेला असतो तो माणूस आग शमवायला पाय पाण्यात सोडतो. पाणी लागलं की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. हे पांढरे कण त्या पिल्लांना खातात. आपण पाण्याबरोबर ते कण पितो. पुढे वर्षभर नारू आपल्या अंगात वाढतो, खातो पितो, भाडं देत नाही, आणि वर्ष भरलं की पायातून बाहेर निघतो. पाणी जाड कापडातून गाळलं तर कण कापडावर राहतात. आणि नारूवाल्यानं पाण्यात पाय घातलाच नाही, तर कणांच्या पोटात काही जातच नाही. एवढंच. यात ना देव, ना उष्णता, ना केस.

मी घरी येताना वाटभर विचार करत होते. आमच्या मोहल्ल्यात नारू कधी कोणाला निघालेला मला आठवत नव्हता. एखादीला निघाला तर ती मालकांच्या वाड्यावर कामाला जाणारी, तिथलं पाणी पिणारी. गावात मात्र दरसाल, घरोघर. आमच्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या, म्हणून तिच्यात कोणाचा पाय जातच नव्हता! आणि बावडीचं ओतून मिळालेलं पाणीही तिच्या गाळानं लावलेल्या सवयीमुळे घरी गाळलं जायचं. ज्या गरीब विहिरीची आम्हाला लाज वाटायची तिनंच आमचे पाय राखले होते. हे माझं मला सुचलं, कोणी सांगितलं नव्हतं, आणि सुचल्याबरोबर मी जागच्या जागी उडीच मारली. त्या वयात एखादी गोष्ट स्वतःला कळण्याचा आनंद असतो तो पुढे कशातच तसा मिळाला नाही. पण दुसऱ्याच पावलाला मला बा आठवला, आणि त्याच्या रोजच्या ओंजळी.

घरी जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मी म्हटलं, "बा, निदान गाळून पे."

"ते लोक गाळून पेतात का?"

"नाई."

"मंग मी काऊन गाळू? जसं ते पेतात तसंच मी पेईन."

मी म्हटलं, त्यांना दरसाल नारू निघतो. तो म्हणाला, "निंगू दे. बराबरीनं निंगंल." आणि वर मलाच विचारलं, "गुरुजी तुले शिकवून राह्यले, का भेवाडून राह्यले?"

मला शाळेत घातलं तेव्हा त्याला वाटलं असावं, पोरगी शिकून येईल ते सगळं आपल्या बाजूचंच असेल. विद्या अशी कोणाच्या बाजूची नसते. ती आधी घरच्यांचीच पंचाईत करते. गुरुजींचाही अनुभव तोच. त्यांनी गावात चार लोकांना समजावून पाहिलं. लोक म्हणाले, आमचे बापजादे हेच पाणी पिऊन म्हातारे झाले. गुरुजी म्हणाले, लंगडे म्हातारे झाले. त्यानंतर त्यांना कोणी चहाला बोलावलं नाही. शेवटी पुढे काही वर्षांनी त्या पायऱ्या बुजवल्या, वर कठडा बांधला, चाक बसवलं आणि सगळं गाव दोरानं पाणी ओढू लागलं, ही गोष्ट खरी. पण ती सरकारी योजनेतली गोष्ट आहे, कोणालाही सांगता येईल. मला सांगायची आहे ती त्याआधीची.

त्या फाल्गुन-चैतात मी बाच्या पायांकडे चोरून पाहत असे. तो अंगणात पाय धुवायला बसला की मी काहीतरी निमित्त काढून जवळ जाई. वैशाख लागला तसा आधी आमच्या शेजारच्या काकांना फोड आला, मग पलीकडच्या घरातल्या सुनेला, मग आणखी एकदोघांना. मोहल्ल्यात नारू! गावात हे कळायला कितीसा वेळ लागणार? पारावर बोलणं सुरू झालं की यांनी देव नाल्यात सोडले, आता भोगा. ते बोलणं आमच्याकडे आलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या मनात शिरलं. आमच्या शेजारची बुढी तर मायला येऊन सांगून गेली, "मरीमायले गुपचूप एक नारळ फोड बाई. तुमी देव सोडले, आता ती तुमचे पाय सोडून नाई राह्यली."

मी मध्ये तोंड घातलं. "आजी, मालकाच्या घरी देव्हारा खचाखच भरला हाय. तरी मालकाले दरसाल नारू काऊन निंगते?"

बुढीनं पदर सावरला. मग म्हणाली, "त्याइचे पापं बी मोठे असतीन."  मायला हसू आलं, आणि नारळाचं राहून गेलं.

बुद्धजयंती दोन दिवसांवर आली असताना बा लंगडू लागला. काटा रुतला म्हणाला. घोट्यावर एरंडाचं पान बांधलं होतं आणि त्यावर धोतराची चिंधी. मायनं विचारलं तर तिच्यावर ओरडला. मी काही विचारलंच नाही, कारण मला विचारायची गरज नव्हती. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त त्याची दया येत होती, कारण त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. जयंतीला पुन्हा मिरवणुकीनं बावडीवर जायचं होतं. बानं पुढे राहून उतरायचं, ओंजळ प्यायची, मागून सगळ्यांनी. या वेळी शिपाई नव्हते. तो उतरला नाही तर गाव म्हणणार, भ्याला. मोहल्ल्यातले म्हातारे म्हणणार, देव खरे ठरले. आणि उतरला तर त्याच्या पायातला नारू पाण्यात पिल्लं सोडणार, आणि त्याच्या मागून उतरून सगळा मोहल्ला, बायापोरांसकट, ते पाणी ओंजळीनं पिणार.

आदल्या दिवशी दुपारी आग त्याला सहन होईना. मायनं घमेल्यात थंड पाणी घेतलं आणि चिंधी सोडून त्याचा पाय त्यात ठेवला. मी जवळ बसले. थोड्या वेळात फोड फुटला. आणि पाण्यात, घोट्याजवळ, तांदळाच्या धुवणासारखं पांढरं काहीतरी हळूहळू पसरू लागलं. माय घाबरून पाणी बदलायला उठली. मी तिचा हात धरला. "बा, पाह्य. हे पाह्य. गुरुजीनं सांगतलं ते हे. हे त्याचे पिल्लं."

बा खाली वाकून पाहत राहिला. माय मला म्हणाली, "तुले मालूम हाय, का आयकलेलं बोलून राह्यली?" हा प्रश्न मला पुढे कोणत्याच परीक्षेत इतक्या सरळपणे कोणी विचारला नाही. मी म्हटलं, "कण भिंगातून पाह्यले मीनं. आपल्या मोहल्ल्यात आधी नारू नव्हता, हे तुले बी मालूम हाय. बावडीचं पाणी पेल्यावर वर्षानं निंगाला, हे बी मालूम हाय. अन् हे पांढरं आता तुमी दोघं पाहून राह्यले. आयकलेलं कोणतं हाय यात?"

माय परत खाली बसली. बा म्हणाला, "हे उद्या बावडीत गेलं असतं."

"हो."

"समद्याइच्या पोटात."

"हो, बा."

त्यानं स्वतः घमेलं उचललं, लंगडत लांब नेलं आणि तापलेल्या मुरमावर ओतलं. पाणी जिरेपर्यंत तिथंच उभा राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही.  मी त्याच्याकडून काय मागत होते, ते मला कळत होतं.

जयंतीच्या सकाळी मोहल्ला पांढऱ्या कपड्यात निघाला. बा काठी टेकत पुढे. आम्हा मुलींकडे हंडे होते आणि मायच्या जुन्या लुगड्याचा धुतलेला, चार पदरी घडी घातलेला तुकडा. तो बानंच सकाळी मागून घेतला होता आणि न बोलता माझ्या खांद्यावर टाकला होता. बावडीच्या पलीकडच्या बाजूला गावातली माणसं जमली होती. आणि खाली, शेवटच्या पायरीवर, म्हातारे मालक बसले होते. उजवा पाय पाण्यात. त्यांच्याही पायाला नारू होता आणि सकाळी थंड पाण्यात पाय सोडून बसायचं हा त्यांचा उन्हाळ्याचा नेम साऱ्या गावाला ठाऊक होता. त्यांच्यापासून दोन हातांवर बाया हंडे भरत होत्या.

बा वरच्या पायरीशी आला आणि थांबला. मागची माणसं थांबली. थोडा वेळ कोणाला काही समजेना. मग बा वळला, तिथंच बसला, पाय लांब केला आणि चिंधी सोडली.

"पाहून घ्या," तो म्हणाला. "माह्या पायाले नारू हाय. देवाचा नाई, याच पाण्यातला हाय. मी वर्षभर यातच पाय टाकून हे पाणी पेलो, त्यानं निंगाला. आता मी पाण्यात उतरलो त माह्या पायातून तुमच्या पोटात जाईल. म्हनून मी उतरनार नाई. ज्याच्या ज्याच्या पायाले निंगाला हाय, त्यानं माह्याजवळ येऊन बसा."

पलीकडून कोणीतरी हसलं. आमच्यातलाच एक म्हातारा, बाचा चुलता, पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "अरे, ज्या जागी तुहा बाप उभा राह्यचा, त्याच जागी येऊन बसलास?"

"हो," बा म्हणाला. "त्याले उभं केलं होतं. मी माह्या मनानं बसलो."

चुलता बाजूला झाला. शेजारचे काका आले आणि बाजवळ बसले. मग पदर ओढून ती सून आली. मग आणखी दोघं. सगळ्यांचे पाय पुढे केलेले, चिंध्या बांधलेले. मला तेव्हा रडू येत होतं आणि छातीही फुगत होती, दोन्ही एकाच वेळी.

तेवढ्यात बानं खाली पाहिलं आणि आवाज चढवला. "मालक, तुमी बी वर या."

खाली हंडे भरणाऱ्या बायांचे हात थांबले. पलीकडचे दोघेतिघे पुढे सरसावले. आमच्या मोहल्ल्यातला माणूस मालकांना त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेल्या बावडीतून बाहेर बोलावतो, हे त्यांच्या कानांना सहन होण्यासारखं नव्हतं.  मालकांनी हात वर करून त्या लोकांना थांबवलं. पाय पाण्यातून काढला नव्हता.

"मले माह्याच बावडीतून बाहेर काढतोस?"

"मी मलेच आधी काढलं, मालक," बा म्हणाला. "यंदा माहा पयलाच नारू. तुमचा कितवा?"

मालकांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मोजनं सोडलं बाप्पा."

त्यांच्या घरात त्या वर्षी मोठ्या मुलालाही निघाला होता आणि नातवालाही. नातू माझ्याच वर्गातला, भिंगातून पाहून माझ्या पायावर पडलेला तोच. घरी जाऊन त्यानं आजोबांना कणांची गोष्ट सांगितली होती आणि थोबाडीत खाल्ली होती, हे त्यानंच मला सांगितलं होतं. ती गोष्ट मालकांना त्या क्षणी आठवली का, मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं की त्यांनी दगडाचा आधार घेतला आणि पाय पाण्यातून बाहेर काढला. मग एकेका पायरीवर दम घेत ते वर येऊ लागले. हाताला धरायला कोणी धावलं तर त्याला झिडकारलं. वर येऊन ते बसले, आमच्यापासून अंतर राखून, पण त्याच वरच्या पायरीवर. पाय पुढे करून.

"बोल आता," ते बाला म्हणाले. "मी उन्हात बसलो. पाणी कसं भेटंल?"

बानं माझ्याकडे पाहिलं. मी आणि मोहल्ल्यातल्या दोन मुली खाली उतरलो. मी त्या पायऱ्या पहिल्यांदाच उतरत होते. खाली दगड ओला होता आणि थंड. पाण्यात पाय न घालता, कोरड्या पायरीवर बसून, वाकून हंडा भरायचा, हे गुरुजींनी शिकवलं होतं. एक भरला, कापड दुसऱ्याच्या तोंडाला बांधलं आणि पाणी गाळलं. गावातल्या बाया आपापले हंडे बाजूला घेऊन पाहत उभ्या होत्या. त्यातली एक वाकली आणि कापडावर काय राहिलं ते पाहून मागे सरली. मी कापड बावडीत न झटकता काठावर तापलेल्या दगडावर पसरलं आणि हंडा कडेवर घेऊन वर आले.

आधी बाला ओतलं. तो ओंजळीनं प्याला, पोटभर. मग काकांना, मग सुनेला, मग त्या दोघांना. माझं पाणी संपत आलं होतं आणि मी परत खाली जायला वळले, तेव्हा मालकांनी आपला पितळी लोटा पुढे केला.

मी थांबले. हंडा कडेवर तसाच. आमच्या गावात अनोळखी हातचं पाणी घेताना माणूस एकच गोष्ट विचारायचा, कोणाचं पाणी आहे. मी कोणाची, हे त्यांना विचारायची गरज नव्हती, माझा बाप चार हातांवर बसला होता. सगळं गाव पाहत होतं. मालक माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, हंड्याकडे बघत होते.

"गाळलं का वं, पोरी?"

"गाळलं," मी म्हटलं, आणि ओतलं.

ते एका दमात प्याले, आणि लोटा पुन्हा पुढे केला.